डाव्या अंगाची पाकळी

बाबा, आज पुन्हा मुलाखतीला जाऊन आलो. तिसऱ्यांदा. मुलाखत म्हणजे काय हे तुम्हांला समजावून सांगायला हवं, कारण तुमच्यावर काम मागायची पाळी कधी आली नाही. देवळाची पूजा आजोबांकडून तुमच्याकडे आली आणि तुम्ही गेल्यावर चुलतभावाकडे गेली. मी शिकलो, म्हणून मला मागावं लागतं. रत्नागिरीत काही मंडळींनी वर्गणी जमवून एक संशोधन मंडळ काढलंय. नफ्याचा धंदा नव्हे. गावोगावच्या ग्रामदेवतांच्या चालीरीती हिंडून गोळा करायच्या आणि लिहून ठेवायच्या. त्यासाठी त्यांना एक माणूस हवाय. माझी शाळेतली जागा गेल्याला वर्ष होत आलं, घरात सगळे माझ्याशी फार जपून बोलतात, त्याचाच आता कंटाळा येतो. पण पगाराइतकंच ते कामही मला हवं होतं. आपल्या देवळात काय चालतं ते आपल्यातल्याच कुणीतरी नीट लिहावं, असं फार वाटायचं.

मंडळाला स्वतःची जागा नाही. एका बागायतदारांच्या पडवीत ताटकळत बसायचं. ऐन वैशाख, शेजारच्या खोलीत आंब्याच्या पेट्या भरणं चाललेलं, पेंढ्याची कुसं उडून कोटाला चिकटतात. कोटही मेव्हण्याचा, काखेत आवळणारा. पहिल्या खेपेला मोडी वाचून दाखवली. दुसऱ्या खेपेला अध्यक्षांना ताप आला म्हणून नुसता चहा पिऊन परत. बुरोंडीहून येणारा एक उमेदवार दोन्ही वेळा शेजारी बसून एकच म्हणायचा, "आपल्याला बोलावतात कशाला, तर पडवी भरलेली दिसावी म्हणून." आज तोही आला नव्हता. शहाणा माणूस.

आत तिघं होते. अध्यक्ष, निवृत्त मुन्सफ, मान हलवण्यापुरते. एका बाजूला सुधारक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला स्वतः बागायतदार. मी गुरवाचा मुलगा, हे कळल्यावर दोघंही खुर्चीत पुढे सरकले. डॉक्टर म्हणाले, "मग तुम्हीच सांगा. कौल लावताना तुमचे वडील पाकळ्या हव्या तशा चिकटवायचे की नाही? आम्हाला खरं बोलणारा माणूस हवाय." बागायतदार तापले. "ओ डॉक्टर, देवीचा कौल घेऊन मी ही बाग घेतली! सांगा हो यांना, पाकळी देवीच पाडते म्हणून." एकाला हो हवं होतं, दुसऱ्याला नाही. नोकरी मधोमध ठेवलेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही.

मॅट्रिकच्या सुट्टीत मी घरी आलोय. जयगडकडची एक खारवीण देवळात येते. नवरा गलबतावर गेलेला, दिवाळीपासून त्याचा पत्ता नाही. गालफडं बसलीत, उभं राहवत नाही. "माजा घोव येल ना वो परत?" म्हणते. तुम्ही पाकळ्या भिजवून एक देवीच्या उजव्या अंगाला लावता, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी लावताना तुमचा अंगठा तिच्यावर जरा जास्तच वेळ दाबलेला मला दिसतो. उजवी पडते. ती बाई पायरीवर बसून प्रसादाचं खोबरं खाते, आणखी मागून घेते. ती गेल्यावर मी तुम्हांला विचारलं, तर केवढे उखडलात. "तोंड मिट तुजा. किती दिसांनी तिच्या पोटात काय गेला, ता बगितलंस?" तिचा नवरा काही परत आला नाही. पण ती जगली, पुढे कितीदा तरी ती मला बाजारात मासे विकताना दिसली.

डॉक्टरांना हे सांगितलं असतं तर जागा माझी होती. मी म्हणालो, "सांगता येणार नाही." ते म्हणाले, "माहीत नाही, की सांगायचं नाही?" मी म्हणालो, "सांगायचं नाही." त्यावर बागायतदारही नाराज झाले, मी देवीची बाजू घेतली नाही म्हणून. जागा आदल्या दिवशी येऊन गेलेल्या पुण्याच्या एका पदवीधराला दिल्याचं तिथेच सांगितलं. त्यानं कौल कधी बघितलेलाच नाही, त्यामुळे तो दोघांनाही पसंत पडला. मी निघालो तेव्हा अध्यक्ष पडवीपर्यंत आले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर आणखी एक माणूस घेऊ. तेव्हा या." पुन्हा तो कोट, पुन्हा ती पडवी. मी नुसता नमस्कार केला. मला रागसुद्धा आला नाही बाबा, इतका दमलोय.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच. तुम्हांला वाचता येत नव्हतं, मला वाचून दाखवायला लावायचात. आता कोण वाचणार? पण एक सांगून टाकतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही. येताना वाट वाकडी करून आपल्या देवळात गेलो. चुलतभावानं विचारलं, "कसला कौल लावू?" म्हटलं, "मना काम गावंल का, ता इचार." तो पाकळ्या लावत होता तेवढा वेळ मी खांबाकडे तोंड करून उभा राहिलो.