डिपस्टिक कोण उपसतं?

तीर्थस्वरूप मामा,

थोरल्या भाच्याचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; प्रत्यक्षात काय आहे ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर ‘बरा आहे’ म्हणाल्या, पण म्हणायच्या आधी जरा थांबल्या. खरंच बरा असता तर थांबायचं कारण काय? तेव्हा गुडघ्याचं जे काही असेल ते तुमच्या हातानं लिहून कळवा. फोन सोडून मी पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल, तर त्याचं कारण भिंत. आमचं आणि धाकट्याचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून आहे हे तुम्ही पाहिलंच आहे. मी इकडे शिंकलो की तिकडून त्याची बायको ‘भाऊजी, औषध घेतलंत का?’ म्हणून विचारते. (तुम्ही म्हणाल, किती काळजी. मी म्हणतो, किती कान.)

तर विषय आपल्या पिकअप गाडीचा. मागच्या महिन्यात तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहून गेलात, त्याच आठवड्यात ह्या प्रकरणाला सुरुवात झाली. (हा आठवडा लक्षात ठेवा, कामाला येणार आहे.) निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या स्नानघरात आरसा बसवायला आम्ही दोघे भाऊ गेलो होतो. आरसा असा बसला की बाई स्वतःलाच ‘शाब्बास’ म्हणाल्या. पण आम्ही निघताना त्यांना अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर, पिकअप उभी होती तिथे, ऑइलचे दोन थेंब दिसले. दोनच. बाईंनी मला त्या थेंबांपाशी उभं केलं आणि आयुष्यात नीटनेटकेपणाचं महत्त्व समजावून सांगितलं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पण हात आपोआप मागे बांधले गेले. धाकटा मात्र गाडीत बसून रेडिओ ऐकत होता. त्याच्या तोंडावरचं हसू मी काचेतून पाहिलं.

दुकानी आल्यावर मी गाडीखाली शिरलो. इंजिनावरून एक रबरी नळी खाली येते आणि तिचं तोंड रस्त्याकडे सताड उघडं! थेंब तिथूनच पडत होता. ही नळी आपल्या गाडीच्या मिस्त्रीनंच मागे कधीतरी अशी सोडलेली; आधी ती इंजिनातल्याच दुसऱ्या कुठल्याशा भागाला जोडलेली होती. आता मला सांगा मामा, शहाणा माणूस ऑइलची नळी रस्त्यावर उघडी सोडेल का? मी लगेच ओळखलं. ऑइल थेंब थेंब जाणार, मग आपण नवं भरायला त्याच्याचकडे जाणार. वा रे मिस्त्री! आणि आपण तर काचवाले. आपला जन्मच मुळी फट दिसली की बुजवण्यात गेलेला. खिडकीची फट, तावदानाची फट, तुमच्या मोरीतली ती फट (अजून टिकून आहे ना?). मी फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी त्याच्या बंदुकीला लावली, गाडीच्या नळीचं तोंड पुसून कोरडं केलं आणि असं काही बुजवलं की बोट फिरवावं तर कड लागू नये. चोवीस तास सुकू दिलं. कोणाला बोललो नाही, कारण चोर पकडायचा तर बोभाटा करायचा नसतो.

दोन दिवस थेंब नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी गाडी चढावर ओढेना, मागून निळसर धूर, आणि बॉनेट उघडून बघतो तर डिपस्टिक (ती ऑइल किती आहे ते बघायची लांब पट्टी) आपल्या जागेवरून वीतभर वर आलेली, सगळीकडे ऑइल शिंपडलेलं. मी ती दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. म्हणजे कोणीतरी उपसतंय! डिपस्टिक काय आपली आपण उठून बसते?

संशयित तिघे. एक मिस्त्री, पण तो आमच्या गल्लीत फिरकत नाही. दोन, समोरचा ॲल्युमिनियमच्या खिडक्यावाला. त्याला आपलं बरं बघवत नाही, मला रोज हसून नमस्कार करतो. आणि तीन... मामा, तिसरं नाव मनात यायला नको होतं, पण गाडी चालवतो कोण? सकाळी बॉनेट उघडतो कोण? मी आधी पुरावा करायचं ठरवलं. डिपस्टिकच्या कडीला पावडर लावली, की ज्याची बोटं पांढरी तो चोर. तर संध्याकाळी सगळ्या दुकानाची बोटं पांढरी, कारण त्या दिवशी आम्ही तावदानं बसवायची लांबी (ती पांढरी पुट्टी) मळली होती. मग आरसे लावले. एक दाराशी, एक कपाटावर, एक कापायच्या टेबलामागे, असे तिरके की माझ्या खुर्चीवरून मान न वळवता थेट पिकअपचं बॉनेट दिसावं. (ह्यात एक गिऱ्हाईक आत आलं, त्याला आपल्याच डोक्यामागचं टक्कल पहिल्यांदा दिसलं, आणि ते काही न घेता गेलं.) दोन दिवस मी त्या आरशांत डोळा घालून बसलो. आणि शुक्रवारी दुपारी दिसला! धाकट्यानं इकडेतिकडे पाहिलं, बॉनेट उघडलं आणि डिपस्टिकला हात घातला.

आता मी हे लिहिताना मला कळतंय की तो ती आत दाबत होता. पण आरशात सगळं उलटं दिसतं मामा, आणि माझ्या आरशात तर तीनदा उलटं झालेलं होतं. मी जेवायच्या सुट्टीत, डबे उघडे असताना, त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, म्हणालोच. की समोरच्या खिडक्यावाल्याशी तुझं काय ठरलंय ते मला ठाऊक आहे, गाडी खराब करून तू वेगळा होणार आहेस. वडील गेल्यावर तुला हिरा धरायला मी शिकवलं, हेही म्हणालो. (काच कापायचा हिरा. दुसरा कुठला हिरा आपल्या घरात कधी नव्हता.) त्यानं डबा झाकला, गाडीची किल्ली कापायच्या टेबलावर ठेवली आणि गेला. सोमवारपासून समोर, त्याच खिडक्यावाल्याकडे कामाला आहे. मी म्हणत होतो ना, असं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मंगळवारी गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली (चालवणाराच गेलेला). त्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण नुसतं सैल केलं, तर ते त्याच्या हातातून उडून भिंतीवर आदळलं. मग तो नळी चाचपत खाली गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही. वर आला तो माझं सिलिकॉन बोटांत धरून. मला म्हणाला, ‘‘शेठ, इंजिनात जो भडका उडतो ना, त्याची थोडी हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलमध्ये उतरते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असला की जास्तच. तिला बाहेर पडायला ही नळी. ती कोंडलीत तर ती मिळेल तिथून निघणार. पट्टी उडवेल, सील फाडेल, टर्बोत ऑइल ढकलेल. आणि मी ही खाली सोडली ती टर्बोनं ऑइलची वाफ पिऊ नये म्हणून. हे कुणी केलं? काम मात्र सफाईदार आहे.’’ मी आयुष्यात इतकं चांगलं सिलिकॉन दुसरं लावलेलं नाही, आणि ते माझं आहे असं म्हणता येईना! जीभ टाळ्याला चिकटली. आणि मग ती सुटली तेव्हा म्हणाली, ‘‘धाकट्यानं केलं असेल.’’ मिस्त्री म्हणाला, वाटलंच, तुमच्यासारखा माणूस असं करणार नाही, भेटू दे, झापतो त्याला.

मामा, चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात मंगळवारपासून भर उन्हात चांदणं आहे. गुरुवारी औषधवाल्याच्या दुकानाची दर्शनी काच बसवायची आहे, आठ फूट बाय सहा. ती एकट्यानं उचलत नाहीत, आणि कोणा परक्याबरोबरही नाही. मोठी काच घेऊन चालायचं तर दोघांचं पाऊल एक पडावं लागतं, आणि वीस वर्षांत माझं पाऊल फक्त त्याच्याशी जुळलंय. काचेचं सोडा. समोर तो दुसऱ्याची खिडकी घासताना दिसतो आणि मला जेवण जात नाही. आरसे मी काढून ठेवले आहेत. तरी दिसतो.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा, जिने चढू नका. तुमची भाचेसून नमस्कार सांगते. (ती एवढंच सांगते, मला सध्या काहीच सांगत नाही.)

तुमचा, थोरला.

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही त्या आठवड्यात इथे होतात. पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं नळ्या हाताळलेला माणूस, गळती दिसली तर राहवणार नाही, हे कोणालाही पटेल. तर मिस्त्री धाकट्याला झापायच्या आत तुम्ही धाकट्याला फोन करून ‘ते सिलिकॉन मी लावलं होतं रे’ एवढं म्हणाल का? तुमच्या नोकरीला थोडा बट्टा लागेल, पण तुम्ही निवृत्त आहात, आणि मला अजून दुकान चालवायचंय.

ता. क. २. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा उघडलं. फोन करू नका. आज गुरुवार. मी औषधवाल्याच्या दारात काचेशेजारी उभा होतो, तर धाकटा आला आणि त्यानं न बोलता दुसरं टोक धरलं. काच बसली. केसभर फट नाही. तो आपला समोर गेला, मी हत्यारं गोळा करून दुकानात आलो.

ता. क. ३. आत्ता मिस्त्री येऊन गेला. मला वाटलं, आता माझं सगळं उघडं पडलं. तर तो म्हणाला, सकाळी धाकट्याला चांगलाच झापला. मी विचारलं, मग तो काय म्हणाला? म्हणे मान खाली घालून म्हणाला, ‘‘हो, मीच लावलं. दादाला बोलू नका.’’ मामा, त्यानं ती नळी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. आता मी त्याच्या दारात जाऊन खरं काय ते सांगणार आहे, हे पत्र पेटीत टाकून सरळ तिकडेच. पण तुम्ही जरा विचार करून कळवा. मनात काही नसताना माणूस एवढं करेलच कशाला?