केहिंदेकडच्या हार्ड डिस्कबाबत

मी, श्रीनाथ शिरीष कारखानीस, वय ५८, राहणार ब्राउनश्वाइग, जर्मनी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. इथल्या कायद्याप्रमाणे सगळं स्वहस्ते लिहावं लागतं. अक्षर लागलं नाही तर चारुलताला विचारावं, ती तीस वर्षं सोसते आहे.

१. घर आणि बचत पत्नी चारुलता हिला. कॅमेरे मुलगी ईश्वरी हिला. ती "नाइन, पापा" म्हणत नकार देईल, तरी द्यावेत.

२. नऊ वर्षं "जवळजवळ पूर्ण" असलेली माझी डॉक्युमेंटरी पुसून टाकावी. विषय: आमच्या ब्राउनश्वाइगमधले नायजेरियन जुळे ढोलवादक, ताईवो आणि केहिंदे. त्यांच्या योरुबा समाजात आधी जन्मलेला धाकटा मानतात. मोठ्याने त्याला जग कसं आहे ते बघायला पुढे धाडलेलं असतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी शहाण्याने आधी जन्मलेल्या ताईवोच्या डिस्कवर "थोरला" आणि केहिंदेच्या डिस्कवर "धाकटा" असं ठसठशीत लिहून ठेवलं होतं.

३. दोन वर्षांपूर्वी ताईवो गेला. केहिंदेने धाकट्या भावाचं रेकॉर्डिंग मागितलं. मी "धाकटा" लिहिलेली डिस्क दिली, म्हणजे त्याची स्वतःचीच मुलाखत! तीन महिन्यांनी चूक लक्षात आली तसा माफी मागायला धावलो. टेबलावर ताईवोच्या नावाची लाकडी बाहुली होती; जुळ्यातला एक गेला की त्यांच्यात अशी घडवतात, तिला जेवू घालतात. तिच्यापुढे भात, शेजारी मी दिलेलं रेकॉर्डिंग चालू. (ताईवो गेल्यानंतरच्या एका शूटिंगला हीच बाहुली फ्रेममध्ये येते म्हणून मी कपाटावर ठेवली होती. घरी रोज नैवेद्य दाखवणारा माणूस मी. लाज वाटते.)

केहिंदे म्हणाला, "चूक पहिल्याच दिवशी कळली. पण मी बोलतोय ना, तेव्हा मागे तो हसतोय. ऐक."

ते हसू मी फिल्ममधून काढून टाकलं होतं. गाड्यांमधली खडखड घालवण्यात बावीस वर्षं नोकरी झाली. ताईवोलाही त्याच हिशेबाने साफ केला. बाकीची मूळ रेकॉर्डिंग जागा हवी म्हणून मीच उडवली. आता हसू आहे ते त्या एकाच डिस्कवर.

४. ती डिस्क केहिंदेची. माझा मित्र क्षितिज फिल्म पूर्ण करायला टपला आहे. त्याने किंवा माझ्या कुठल्याही वारसाने ती परत मागू नये, आवाज स्वच्छ करून देतो असंही म्हणू नये.

इथे साक्षीदार लागत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मला हा कागद खरा वाटेना.

श्रीनाथ कारखानीस (सही)
ब्राउनश्वाइग, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. केहिंदे अडेयेमी (सही)
२. ही ओळ केहिंदेच्या सांगण्यावरून ताईवोसाठी मोकळी ठेवली आहे.