तळ्याच्या वाटेवरचं तट्टू

मनाली, २० सप्टेंबर १९९८

आक्का,

धाकट्या अनुजाचा तुला आणि आईला नमस्कार. आम्ही खुशाल हाय. आईचा गुडघा कसा हाय आता?

काल वर डोंगरात बर्फाच्या पाण्याचं तळं बघायला गेलतो. चढ लई, म्हणून ह्यांनी माझ्यासाठी तट्टू ठरवलं. अर्ध्या वाटेत ते दमून थांबलं. घोडेवाला म्हणाला, "साब, थोडा दम लेने दो." ह्यांनी ऐकलं न्हाय. मागच्या मांडीवर छडीनं इतकं मारलं की रक्त आलं, आणि वर सहलीला संगं आलेल्या मित्रांकडं बघून हसत हुते. मी उतरले आणि चालत वर गेले.

तळ्याकाठी फोटोसाठी ह्यांनी त्याच हातानं सफरचंदाची फोड माझ्या तोंडाशी धरली. मी तोंड फिरवलं.

"चारचौघांत माझी शोभा केलीस," म्हणाले. तवापासनं बोलत न्हाईत. मलाबी बोलावंसं वाटत न्हाय. शेजारी बसले तरी किळस येती गं. लग्नाला वरीसबी झालं न्हाय की.

आईला एवढंच सांग, तळं निळंशार हाय आणि तुझी पोरगी पायानं वर चढली.

मला थोडे दिवस तुझ्याकडं गडहिंग्लजला एकटीनं राहायला यायचं हाय. भाऊजींना चालंल का, विचारून कळव. ह्यांना अजून सांगितलेलं न्हाय.

तुझीच,
अनुजा