मास्तरणीची प्रार्थना

प्रिय लोरेतो,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत, बाबाही आणि मास्तरीणही. मास्तरीण तुला ठाऊक नाही, ती तू गेल्यावर आली. चार वर्षांपूर्वी तिच्या शेपटीवरून मोटार गेली, बाबांनी रस्त्यावरून उचलून आणली. जखम भरली, पण शेपटी लुळीच राहिली. त्यामुळे मिरवणुकीसाठी पकडलेल्या बाकीच्या सापांना सण झाला की रानात सोडतो तसं तिला सोडता येईना. मग राहिली आपल्याच स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या पेटीत. पाठीवर चार काळ्या रेघा, आणि आपल्या शाळेतल्या बाईंसारखं पापणी न लववता बघणं, म्हणून हे नाव. दर एक मेला संतांच्या मूर्तीवर पहिली तीच चढते, आणि बाबा वर्षभराचं ताठ मानेनं चालणं त्या एका दिवसात उरकून घेतात.

मार्च संपता संपता तिने अंडं खायचं सोडलं. बाबा म्हणाले, "कात टाकायची असेल, राहू दे." मी डोळे पाहिले. कात यायची असली की डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं होतं, हे तूच मला शिकवलं होतंस. हिचे डोळे लख्ख होते. मला बरं वाटलं नाही, पण मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार?

मग एके दिवशी तिने मान वर केली. अर्धं अंग उभं, तोंड छताकडे, जराशी आ वासलेली, आणि तशीच थांबली. शेजारची कोंचेत्सिया अंडी घेऊन आली होती, ती तिथेच गुडघ्यावर बसली. "अगं बाई, प्रार्थना करतेय ही! सणाला महिना आहे अजून, आणि हिला आत्तापासून संत दिसायला लागले!" संध्याकाळपर्यंत अर्धं गाव आपल्या दारात. कुणी मेणबत्ती आणली, कुणी आजारी नातवाचा फोटो. बाबा खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगू लागले, "आमच्या घरातले साप असेच निघतात."

माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं, ते मी खाली ठेवलं, नाहीतर पडलंच असतं. ही प्रार्थना मी आधी पाहिली होती. तुझ्या काळू सापाची. सहा वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात तू ओरडला होतास, "प्रार्थना कसली डोंबलाची! त्याला श्वास मिळत नाहीये, म्हणून मान वर करतोय तो!" आणि बाबा म्हणाले होते, "दोन पुस्तकं वाचली की झाला मोठा डॉक्टर." मिरवणुकीत काळू संतांच्या खांद्यावरून घसरला आणि पायाशी पडला तो उठलाच नाही. सगळ्या गावादेखत. पेटी तळघरात ठेवून साप मारलास म्हणून बाबांनी तुला दोष दिला आणि तू घर सोडलंस, ते तुला सांगायला नको.

लोक गेल्यावर मी मास्तरणीला कान लावला. आत बारीक टिकटिक चालू होती, जुन्या घड्याळासारखी. ओठाच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता तिला हलवलंस तर गावाला काय तोंड दाखवू? एक मे होऊ दे." एक मेला अजून साडेतीन आठवडे होते. रविवारी ते प्रार्थनेला चर्चमध्ये गेले आणि मी तिला उशीच्या अभ्र्यात बांधलं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून सोबत ठेवली, वर कोट घातला आणि बस पकडली. ड्रायव्हर कोटाखालचं गाठोडं बघून म्हणाला, "काय एर्सीलिया, पाव भाजायला शहरात निघालीस?" मी म्हटलं, "मास्तरीण आहे." त्यानंतर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आधी फोन केला होता म्हणून प्राण्यांची डॉक्टरीण दवाखाना उघडून बसली होती. पोरगीच आहे, पण तिने नळी लावली आणि तिचा चेहरा उतरला. "फुफ्फुसात संसर्ग आहे. आणखी चार दिवस प्रार्थना करू दिली असती तर संपलंच होतं. आताही शब्द देत नाही." दर तीन दिवसांनी इंजेक्शन, तेही अंगाच्या पुढच्या भागात. पेटीचा एक कोपरा कायम उबदार. खायला काही नाही. दुसऱ्या सापांपासून लांब, आणि हात लावला की साबणाने धुवायचे.

घरी आले तर बाबा दारातच, टोपीसुद्धा काढली नव्हती. "माझा साप चोरलास," एवढंच म्हणाले. पहिली दोन इंजेक्शनं मी एकटीने दिली, रडत रडत. सुई टोचली की ती सळसळून हातातून निसटायची. तिसऱ्या वेळी बाबा आले आणि मानेमागे नीट धरलं. "टोच," म्हणाले. चौथ्या वेळी ती धरावी लागली नाही, इतकी गळून गेली होती. तेव्हा मात्र आम्ही दोघं एकमेकांकडे बघेनासे झालो.

परवा सकाळी तिने मान खाली टेकवली. तोंड मिटलेलं. वाटीतलं पाणी प्यायली, वेटोळं करून निजली. बाबांनी आपला चांगला कान तिच्या अंगाला लावला, खूप वेळ. मग म्हणाले, "टिकटिक नाही. लोरेतो हेच सांगत होता ना? पण मग काळूची पेटी तळघरात ठेवायची अक्कल कुठून सुचली त्याला?"

लोरेतो, तू काळूची पेटी चुलीजवळच ठेवली होतीस. माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा घर बघायला यायची होती, त्यांना साप चालत नव्हते, म्हणून तीन दिवस ती ओल्या तळघरात मी ठेवली. बाबा तुझ्यावर कडाडले तेव्हा तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मूग गिळलेस. तुला कळलं होतं. माझं लग्न झालं, तीन वर्षांत मोडलंही, आणि तू सहा वर्षं घराबाहेर राहिलास. हे सगळं मी परवा बाबांना सांगितलं. मला वाटलं, हाकलतील. ते मास्तरणीजवळ बसून राहिले. यंदा ती मिरवणुकीला जाणार नाही, हे काल त्यांनी स्वतः कोंचेत्सियाला सांगितलं. आज हे पत्र लिहायला बसण्याआधी मी पाकीट काढलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा शोधला आणि तुझं नाव, पत्ता लिहून दिला. पत्ता त्यांना पाठ होता.

तुझीच बहीण,
एर्सीलिया