मामा, तुमची पोपटी साडी

प्रिय मामा,

निलेशच्या लग्नाचे फोटो काल आले. प्रत्येक फोटोत आई पोपटी साडीत उभी आहे, जांभळ्या काठांच्या. नवरी, मांडव, रोषणाई सगळं मागे राहतं आणि साडी पुढे येते. तक्रार करायची तर ती तुमच्याकडेच, म्हणून हे पत्र.

लग्नाची आखणी मी केली होती. विजेच्या उपकेंद्रात दुरुस्तीची कामं लावते तशीच: काय, कधी, कोणाकडे. एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितलीच नव्हती. मुलाच्या लग्नात आईनं मांडवात उभं राहायचं ते भावानं आणलेल्या साडीत. आणि तुम्ही दीड वर्षापूर्वी देवाघरी निघून गेलात. लग्न केलं नाहीत, धामणगावच्या घराला कुलूप. आणणार कोण? हे आईला लग्नाच्या आठ दिवस आधी, कणीक मळताना सुचलं.

"मी मांगंच बसीन. तुमचं चालू द्या."

बाबा म्हणाले, दुकानातून एखादी घे, कोण पाहून राह्यलं? ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. एकुलता एक मुलगा बोहल्यावर चढणार आणि नवऱ्यामुलाची आई मागच्या खुर्चीत! याला काय म्हणायचं, मामा?

मी रजा टाकली आणि नांदुऱ्याला गेले. आईच्या आवडीचा वांगी रंग घेतला. दुकानात टेप लावून लांबी मोजली. घरी येऊन साडीवर नारळ ठेवला आणि म्हटलं, ही मामाकडची समज.

आईनं घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं.

"रंग चांगला हाये. लांबी बी पुरते. हे माया भावाची असूच शकत नाही."

आणि हसायला लागली. हसता हसता तिनं साडीची घडी परत घातली. मग म्हणाली, "पोरगं आता दुसरीचं होऊन राह्यलं. त्या टायमाले मांगं आपलं कोणी पाह्यजे ना वं."

 यावर तुम्ही काय म्हणाला असतात?

दोष तुमचाच आहे. मोताळ्याच्या बाजारात दुकानदार न खपलेला माल तुमच्या गळ्यात मारायचा आणि तुम्ही दर भाऊबीजेला तो ऐटीत घेऊन यायचात. आई सगळ्यांसमोर नावं ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, मामा, दुकान का बदलत नाही? तुम्ही म्हणालात, "ते बोलली नाही तं मले वाटते, साडी पोचलीच नाही."

शेवटच्या भाऊबीजेला ती जरा जास्तच बोलली. हे मी नेसणार नाही, म्हणाली. तुम्ही हसलात, चहा घेतलात आणि बस पकडलीत. त्यानंतर आलाच नाहीत. असं करतात का?

मी वांगी साडी आणली त्या दिवशी आई उठली आणि पेटीच्या तळातून तुमची तीच पोपटी साडी काढून आणली. घडी मोडलेली नव्हती. फॉल मी लावला. मोजलीही. वीस सेंटिमीटर कमी. निऱ्या जेमतेम चार पडल्या.

मांडवात नवरीच्या आत्यानं विचारलं, साडी कुठली? आई म्हणाली, "माया भावाची. त्याले रंगाचं काही समजतच नव्हतं." चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग निलेश पाया पडायला वाकला, तेव्हा ती सगळ्यात पुढे उभी होती आणि एका हातानं त्या चार निऱ्या घट्ट धरून होती.

वांगी साडी तिनं लग्नानंतरच्या पूजेला नेसली. छान दिसली. कुठली, म्हणून कोणी विचारलं नाही.

येत्या भाऊबीजेला मोताळ्याच्या त्या दुकानात मी जाईन. तो देईल ती साडी घेईन. टेप घरी ठेवून जाईन, हा माझा शब्द. आई नावं ठेवेल. ठेवली की मी समजेन, पोचली.

तुमची भाची,
स्मिता