टिलीचं वय

बेटावरून, १२ मार्च १९९६

ती. मर्नाताईस, क्लेमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारच्या विमानाने मिळालं. टपालघरातल्या फोनवर बोललं की सारं बेट ऐकतं, म्हणून लिहूनच कळवतो.

आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे. हिवाळ्याआधी ब्रिस्बेनला नेऊन शस्त्रक्रिया करा, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं आहे. आईचं उत्तर एकच, मांजरीला टाकून कशी जाऊ, आधी टिलीचे दिवस भरू देत, मग मी जाते. टिलीलाही घेऊन जा म्हटलं, तर म्हणते, ती मग घरी कधी यायची? तेही खरंच. जमिनीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी बेटाच्या मंडळाने मांजरं बंद केली, तेव्हापासून नवं आणायचं नाही, गेलेलं परत आणायचं नाही, आहे त्याला घरात कोंडून आयुष्य पुरं करू द्यायचं. त्यातली आता एकटी टिली उरली.

मांजर जगतं तरी किती, असं तू विचारलंस. ठाम उत्तर कुणी देत असेल तर त्याला काही कळत नाही असं समज. घरातलं मांजर साधारण बारा ते पंधरा वर्षं. भटकणारं पुष्कळ आधी जातं, कधी कुत्र्याच्या तोंडी, कधी गाडीखाली, कधी मारामारीतून लागलेल्या रोगाने. पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया झालेली, अंगाने सडसडीत, दात निरोगी असलेली मांजरी विशीही ओलांडते. टिली एकोणीस वर्षांची आहे. आपण सगळे मांजरांना रोज कच्चा मासा घालायचो आणि त्यांचे लाड करतोय असं समजायचो. ते फेरीवर येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी, लोमॅक्सनी, बंद करवलं. गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडं कमजोर निघाली. तेव्हापासून पथ्याचं ओलं खाणं आणि प्रत्येक खोलीत पाण्याचं भांडं. दात, नखं, वजन मी स्वतः पाहतो. या बेटावर दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. ही बढाई नव्हे.

माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
क्लेम


ब्रिस्बेन, २४ मार्च १९९६

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

ही बढाई नव्हे, तर मग बढाई कशी असते ते एकदा सवडीने कळव. तुझ्या हाती पडलेलं वीजघराचं इंजिनसुद्धा बंद पडायचं विसरतं. माझी काळजी तीच आहे.

आता लिहिते त्यावर रागावू नकोस. तू टिलीला मिळवून दिलेला प्रत्येक महिना आईच्या वाट्यातून जातो आहे. मी रुग्णालयात नोकरी केली आहे, उशिरा आलेली माणसं पाहिली आहेत. मे महिन्यात डॉक्टर लोमॅक्स फेरीवर येतील, तेव्हा त्यांना बाजूला घे. एक सुई, आणि झोपेतच सगळं. आईला सांगू, वयाने गेली.

असं लिहिणारी बहीण तुला आवडणार नाही. तरी तिला टाकू नकोस.

मर्ना


बेटावरून, १९ मे १९९६

ती. मर्नाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दीड महिना खिशात घेऊन हिंडलो. रागच आला होता. तरीही डॉक्टर आले तेव्हा त्यांना व्हरांड्यात नेऊन मी विचारलं.

त्यांनी टिलीला तपासलेलंच होतं. म्हणाले, मूत्रपिंडं गेल्यातच जमा आहेत, पण ती खाते, अंग चाटते, मांडीवर घुरघुरते. अशा जिवाला माणसांच्या सोयीसाठी मी सुई देत नाही. किती दिवस काढेल विचारलं, तर वर्षही काढेल, महिनाही, इतकंच. वर मला ऐकवलं की क्लेम, तुझी निगा चोख आहे, पण वय हा काही आजार नाही, तो तुला दुरुस्त करता येणार नाही.

आई खिडकीशीच होती. तिने सगळं ऐकलं. बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली, आणि डॉक्टरांना विचारलं की माणसाच्या हिशेबाने टिली किती वर्षांची. ते म्हणाले, नव्वदीच्या पुढची. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे माझ्याहून थोरली. ती जगते म्हणून मी मरायचं, आणि मी जगावं म्हणून तिला मारायचं, हे तुम्हा दोघांना शिकवलं कुणी? मी जाते ब्रिस्बेनला. माझ्यामागे तिला सुई दिलीत तर मला तोंड दाखवू नका.”

तुझं नाव मी घेतलं नव्हतं. तिने ओळखलं.

गुरुवारच्या विमानात तिला बसवतो. मी आईच्या घरी राहायला जातो, कारण टिलीला घर बदलू द्यायचं नाही. आईला सांभाळ, आणि जमलं तर मलाही.

क्लेम


ब्रिस्बेन, २० जून १९९६

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

शस्त्रक्रिया पार पडली. आणखी उशीर चालला नसता, असं सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं. शुद्धीवर आल्यावर तिने माझा हात धरला, तेव्हा मी रडले. मग तिने टिली जेवते का विचारलं, तेव्हा हसले. आता ती माझ्या घरी आहे, खिडकीशी बसते, शेजाऱ्याच्या मांजराला नावं ठेवते. वसंतापर्यंत मात्र विमानप्रवास नाही.

जेवते, असं मी ठोकून दिलं आहे. खरं काय ते तू कळव. आणि माझ्या त्या पत्राचं मनात ठेवू नकोस.

मर्ना


बेटावरून, ८ जुलै १९९६

ती. मर्नाताईस सा. न. वि. वि.

टिली जेवत नाही. आई तिकडे आल्यावर आठवडाभर ती पलंगाखाली होती, मग थोडं खाऊ लागली, आता तेही सुटलं. हाताला फासळ्या लागतात. डॉक्टर लोमॅक्सना टपालघरातूनच फोन केला. ऐकू दे म्हटलं सगळ्यांना. ते म्हणाले, आता काही आठवडेच. कातडीखाली सलाइन द्यायचं मला येतं. महिनाभर तरी मी तिला ओढलं असतं. सलाइनची सुई हातात घेतली आणि ठेवून दिली. तिला खाण्याची वासना नाही, ती आईच्या उशीवर डोकं टेकून दाराकडे बघते.

येत्या शनिवारी मी तिला घेऊन येतो. परत आणता येणार नाही, ते मला समजतं. वाटेत जाईल अशीही भीती डॉक्टरांनी घातली आहे. इंजिन बर्टच्या हवाली केलं आहे, तो ते बिघडवणार.

मंडळाची विनिफ्रेड, पक्ष्यांसाठी जिने प्रत्येक मांजरवाल्याशी भांडण काढलं, ती काल, टिली परत येणार नाही अशा कागदावर माझी सही घ्यायला आली. शेवटचं मांजर चाललं, तिला आनंद व्हायला हवा होता. टिलीच्या डोक्यावर हात ठेवून ती बराच वेळ बसली, आणि जाताना स्वतःच्या अंगावरची लोकरीची शाल टिलीच्या प्रवासाच्या पेटीत घालून गेली.

आईला यातलं सगळं सांग, काही लपवू नकोस. दुपारी पोचतो. तिला खिडकीतून उठवू नकोस, तिथेच बसू दे आणि मांडी मोकळी ठेवायला सांग.

भेटीपर्यंत दोघींनी लोभ धरून राहावं.

क्लेम