माळावरचं बूच

प्रिय इंद्रजित,

तुझा भाऊबीजेचा निरोप आणि बारामतीच्या दुकानाची पिशवी, दोन्ही पोचलं. पिशवी मी उघडलेली नाही. साडी चांगलीच असणार, तुझ्या श्रेयाची निवड आहे. माळावरचं तुझं पाहुण्यांचं घर हल्ली भरलेलं असतं म्हणे. पुण्याची माणसं येतात, चुलीवरचं जेवतात, बांधावर उभी राहून फोटो काढतात. चालू दे. इकडे आमचा ऊस पाण्यावाचून पिवळा पडलाय आणि तुझे दाजी दिवसभर सोप्यात बसून असतात.

आपल्या आप्पांनी आणि दाजींनी मिळून नीरा नदीवरून वस्तीला ही पाण्याची लाइन आणली, तेव्हा तू वालचंदनगरला शिकत होतास. माळावर सगळ्यात उंच जागी आप्पांनी तो हवेचा व्हॉल्व्ह बसवून घेतला, त्या दिवशी तूही माझ्याशेजारी उभा होतास. पाण्याच्या लाइनीला हवा कशाला, असं मीच विचारलं होतं. आप्पा म्हणाले, लाइट गेली की मोटार थांबते, माळावरचं पाणी दोन्ही उतारांनी पळतं आणि पाइप आतून रिकामा पडतो. तेव्हा हा उघडतो आणि हवा आत घेतो. नाही घेतली, तर बाहेरची हवा पाइपाला दाबून चेपते. मला कळलं होतं. तुलाही कळलं होतं, मान हलवली होतीस.

आता मोटार सुरू होताना तो व्हॉल्व्ह जरा फुसफुसतो, थोडं पाणी उडवतो. तेवढंही तुझ्या पाहुण्यांना सोसलं नाही. इंदापूरहून माणूस आणून तू त्याच्या तोंडाला लोखंडी बूच घट्ट बसवलंस, वर हिरवा रंग दिलास, म्हणजे झाडीत दिसायला नको. दसऱ्याच्या आधी लाइट गेली आणि उतारावरचे पाइप पायाखाली आलेल्या चिपाडासारखे चपटे झाले. खोदताना सगळी वस्ती जमली होती. तू सगळ्यांदेखत सांगितलंस, दाजी मोटार कशीही चालू-बंद करतात, त्यानंच झालं. ज्या माणसावर वस्तीनं इतकी वर्षं लाइन सोपवली, त्याच्याकडून त्याच वस्तीनं मोटारीच्या खोलीची किल्ली काढून घेतली. दाजींनी ती देऊन टाकली. मेहुण्याशी चारचौघांत काय भांडायचं, म्हणाले. त्यांच्या या समंजसपणाचाही मला राग येतो.

मग मी एकटी माळावर गेले, बूच बघितलं आणि तुझ्या दारात येऊन विचारलं. मोबाइलमधून डोकंही वर न काढता तू म्हणालास, "पाव्हणं भिजत हुतं, आक्का. झालं ते झालं, गावात बोलू नगंस. माझं नाव खराब हुईल." तुझं नाव! आणि दाजींचं नाव काय रस्त्यावर सापडलं होतं?

दाजी म्हणतात, वर्षाचा सण आहे, भाऊबीजेला जाऊन ये. म्हणून हे लिहितेय. साडी परत पाठवतेय. मला ओवाळणीत एकच हवंय. भाऊबीजेआधी वस्तीवर सगळ्यांपुढं उभा राहा आणि सांग, बूच मी बसवलं, दाजींची काही चूक नव्हती. ते बूच मी पान्यानं काढून आणलंय, ताटात निरांजनाशेजारी ठेवलंय. सांगितलंस तर तुला ओवाळायला येईन. नाही जमलं, तरी ताट वाया जाणार नाही. ज्यांना भाऊ नसतो, त्या बायका त्या दिवशी अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळतात.

अजून तरी तुझीच,
योगिनी आक्का